चांदोरचा ब्रागांझा वाडा

गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील चांदोर म्हणजे प्राचीन चंद्रपूर होय. भोजांच्या काळी हे नगर नांदत होते आणि गोव्याच्या कदंबांची पहिली राजधानीही येथेच होती. याच गावात चर्चच्या चौकाची एक संपूर्ण बाजू व्यापून ब्रागांझा घराण्याचा दुमजली वाडा उभा आहे.

वाड्याचे बांधकाम सतराव्या शतकात सुरू झाले आणि पुढील दोन शतकांत त्याचा विस्तार होत गेला. प्रवेशद्वार व जिना मध्यभागी असून त्याच्या दोन्ही अंगांस घराण्याच्या दोन शाखांची निवासस्थाने आहेत. पूर्वेकडील भागात झुंबरांनी सजलेले नृत्यदालन आणि खासगी प्रार्थनामंदिर आहे. या प्रार्थनामंदिरात संत फ्रान्सिस झेवियर यांचे नख पवित्र अवशेष म्हणून जतन केले आहे. पश्चिमेकडील भाग मोठ्या ग्रंथसंग्रहासाठी प्रसिद्ध आहे.

हा ग्रंथसंग्रह केवळ शोभेचा नव्हता. या घराण्यातील लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८-१९३८) यांनी १९०० साली 'ओ हेराल्दो' या दैनिकाच्या स्थापनेत भाग घेतला आणि १९११ मध्ये 'ओ देबात' सुरू केले. १९३० मध्ये पोर्तुगालने वसाहतविषयक कायदा केला, तेव्हा त्यांनी गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. पणजीतील त्यांच्या नावाची संस्था त्या कार्याचे स्मरण देते.

गोव्यातील जुने वाडे जांभ्याचे असतात. खाणीतून काढताना मऊ असलेला हा दगड हवेत कठीण होतो; परंतु तो सच्छिद्र असल्याने ओल शोषतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा थर दिल्यास ती आत कोंडते व भिंत पोखरते. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची अर्धपारदर्शक तावदाने बसवीत; त्यांतून ऊन सौम्य होऊन आत येते.

अशा वाड्यांचा खर्च पूर्वी शेतजमिनीच्या उत्पन्नातून भागे. १९६४ चा कूळ कायदा व त्यातील १९७६ च्या दुरुस्तीमुळे कसणाऱ्यास न्याय मिळाला. मात्र वाड्यांच्या देखभालीचा जुना आधार सरला. दर पावसाळ्यात कौले व तुळया यांची डागडुजी आवश्यकच असते. तो भार एकट्या कुटुंबाने किती पेलावा, याचा विचार समाजानेही करावयास हवा.

पंचायतींनी आपल्या हद्दीतील अशा वास्तूंची नोंद ठेवावी, दुरुस्तीसाठी चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यांना प्रोत्साहन द्यावे आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांना त्या प्रत्यक्ष दाखवाव्यात. एकदा कोसळलेली भिंत पुन्हा उभारता येते; तिच्याबरोबर गेलेला इतिहास मात्र परत येत नाही.