फायली जागेवरच असतात

पाथर्डी तालुक्यात माझं अर्ज भरून देण्याचं केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा, ज्याला जे लागेल ते. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेचे नेहमीचे अपडेट मिळणार नव्हते, आणि लोकांचे आधार-पॅन ज्या संगणकातून जातात तो तसाच ठेवणं मला पटेना. काउंटरवरचा संगणक नव्या विंडोजसाठी लागणाऱ्या अटींत बसत होता, म्हणून विंडोज ११ टाकून घेतली. दिवस नेमके ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांचे. गावं रिकामी व्हायच्या आत कागद पुरे करायची प्रत्येकाला घाई, आणि त्याच गर्दीत फायली दाखवण्याची सगळी रीत बदललेली. तेव्हा जे उमगलं ते लिहून ठेवते आहे.

१. "दिसत नाही" आणि "नाही" यांत केवढं अंतर आहे, ते समोरच्या बाईचा चेहरा बघून कळलं. डाउनलोड्स उघडलं तर सलग यादीच नव्हती. आज, काल, मागचा आठवडा, मागचा महिना असे फायलींचे गट पडलेले, त्यातले काही मिटलेले. तिची उचल घेऊन झालेली, दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सुटणार. "ताई, गेला का ओ माझा दाखला?" दाखला होता तिथेच होता. मोकळ्या जागेत राइट क्लिक, ग्रुप बाय, त्यात नन, की यादी पुन्हा सलग. पण तेवढा वेळही ज्याच्या पोटात गोळा येतो त्याला फार असतो. तेव्हापासून सेटिंगला हात लावायच्या आधी मी फाइल शोधते, उघडून माणसाला दाखवते, आणि मगच मांडणीच्या मागे लागते.

२. संगणक आपल्या फोल्डरबद्दल स्वतःचा अंदाज बांधतो, हे मला ठाऊक नव्हतं. फोल्डरमध्ये स्कॅन केलेले कागद जेपीजीत असले की त्याला वाटतं, हा फोटोंचा संग्रह. मग तो मोठमोठी चित्रं मांडतो, आणि रकाने दाखवायला सांगितले तर टॅग्ज, रेटिंग असले रकाने पुढे करतो. मला त्यांचा काय उपयोग? मला हवा आकाराचा रकाना. कुठल्या पोर्टलला फोटो वीस केबीच्या आत लागतो, कुठे कागद पाचशे केबीच्या वर चालत नाही. ते आकडे डोळ्यांपुढे नसले तर प्रत्येक फाइल उघडून बघत बसायचं, आणि रांग दाराबाहेर जाते. उपाय सापडला तो फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये. कस्टमाइज या भागात फोल्डर कशासाठी आहे ते सांगता येतं. तिथे जनरल आयटम्स निवडलं, आतल्या सगळ्या फोल्डरांनाही तेच लागू करण्याच्या चौकटीत खूण केली. मग एका फोल्डरमध्ये डिटेल्स व्ह्यू लावून रकाने मनासारखे केले, वरच्या तीन टिंबांतून ऑप्शन्स, तिथल्या व्ह्यूमध्ये अप्लाय टू फोल्डर्स. आधी मी हेच बटण एकटं दाबत होते आणि निम्मे फोल्डर ऐकत नव्हते. ते बटण फक्त एकाच जातीच्या फोल्डरांना लागू होतं, हे लक्षात आल्यावर कोडं सुटलं.

३. फाइलच्या नावाची शेपटी लपवणं ही सोय नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. विंडोज ती मुळातच लपवून ठेवते. एका मुलाचा फोटो पोर्टल काही केल्या घेईना. आकार बरोबर, चित्र स्वच्छ. व्ह्यू, शो, फाइल नेम एक्स्टेन्शन्स यावर खूण केली तेव्हा दिसलं, तो जेपीजी नव्हताच, आयफोनचा एचइआयसी होता. पेंटमध्ये उघडून जेपीजी म्हणून सेव्ह केला, झालं. पण खरं कारण याहून मोठं आहे. पीडीएफच्या नावाखाली कुणी ईएक्सई पाठवली, तर शेपटी दिसल्याखेरीज ओळखायची कशी? माझ्याकडे गावोगावच्या माणसांचे कागद आहेत.

४. पडदा माझा असला तरी बघणारे डोळे माझे एकटीचे नसतात. हे या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलं. फाइल एक्सप्लोरर उघडला की आता होम हे पान येतं आणि त्यात नुकत्याच उघडलेल्या फायली नावांसकट. माझा पडदा थोडा गिऱ्हाइकाकडे वळवलेला असतो, नाव-गाव त्यांनी तपासून घ्यावं म्हणून. एका दुपारी पुढच्या माणसाचं काम करताना त्याची नजर त्या यादीवर खिळलेली दिसली. वरच्याच ओळीत आधीच्या बाईचं नाव होतं आणि पुढे "परित्यक्ता". संजय गांधी निराधार योजनेसाठी ती कागद करून गेली होती. दोघं एकाच गावची. तो काही बोलला नाही, मीही नाही. पण काम संपल्याबरोबर ऑप्शन्समध्ये गेले, जनरलच्या भागात होमऐवजी धिस पीसी निवडलं, खाली प्रायव्हसीतल्या खुणा काढल्या, क्लिअर दाबलं. आता फाइलच्या नावात फक्त अर्जाचा क्रमांक असतो. दाखला कशाचा, ते नावात लिहायचं नाही, असा नियमच केला. गावात बाईची गोष्ट कागदाआधी पोचते, तिला माझ्या संगणकाची भर नको.

५. हाताची सवय डोळ्यांच्या सवयीहून चिवट. सेंड टू करून पेन ड्राइव्हवर फाइल देणं हे माझं दिवसभराचं काम, आणि राइट क्लिकच्या नव्या यादीत सेंड टू नाही. ते शो मोअर ऑप्शन्सच्या आत गेलं आहे. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुनी यादी थेट येते.

६. नावाप्रमाणे लावलेला क्रम कायमचा, असं धरून चालू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या अहमदनगर जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. जुने फोल्डर इंग्रजीत अहमदनगरचे, नवे अहिल्यानगरचे, आणि इंग्रजी वर्णक्रमात नवं नाव जुन्याच्या वर बसतं. एकाच घरातल्या थोरल्याचे कागद एकीकडे, धाकटीचे दुसरीकडे. मी दोन्ही मोडून तालुका, गाव आणि वर्ष अशी मांडणी केली. जुन्या दाखल्यांवरचं नाव अर्थातच तसंच आहे, त्याला हात लावायचा प्रश्नच नाही.

७. सगळ्यांना सारखं दिसावं हा आग्रह मी सोडला. माझ्याकडे काम शिकणाऱ्या मुलीला मोठी चित्रं लागतात, ती कागद चेहऱ्याने ओळखते. मला बारीक ओळींची यादी हवी, दोन ओळींतली मोकळी जागाही कॉम्पॅक्ट व्ह्यू लावून कमी केलेली. एकाच खात्यावर काम करताना सकाळी मी बदलायचे, दुपारी ती. फोल्डरच्या मांडणीची आठवण विंडोज प्रत्येक खात्यापुरती वेगळी ठेवते, म्हणून तिला स्वतःचं खातं करून दिलं. शेपटी दाखवायची आणि नुकत्याच उघडलेल्या फायली दाखवायच्या नाहीत, एवढ्या दोन गोष्टी दोन्ही खात्यांवर सारख्या. बाकी तिने तिचं लावावं.