तल्लीनता आणि इंटरनेट

चित्र काढताना किंवा उदाहरण सोडवताना एखादे मूल इतके रमते की, मधल्या सुट्टीची घंटाही त्याच्या कानी पडत नाही. तेच मूल घरी दोन तास मोबाइलवर खिळून बसले की पालक तक्रार घेऊन शाळेत येतात. बाहेरून पाहता दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात. त्यामुळे काही शिक्षकांस वाटते की, मोबाइलने मन एकाग्र होते, तर तो वर्गातही द्यावा. काहींस वाटते, त्यास वर्गाबाहेरच ठेवावे. ह्या दोन्ही मतांत तल्लीनतेचे स्वरूप नीट पारखलेले नाही.

ह्या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास मिहाय चिक्सेंटमिहायी (१९३४–२०२१) ह्या मानसशास्त्रज्ञांनी केला. चित्रकार, बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, शल्यविशारद अशा लोकांचे अनुभव त्यांनी जाणून घेतले व १९७५ आणि १९९० मध्ये ग्रंथरूपाने मांडले. तल्लीन मनुष्यास स्वतःचे भान उरत नाही, काळ किती गेला हे कळत नाही आणि कामाचा आनंद कामातच मिळतो. पण ही अवस्था आपोआप येत नाही. आपणांस काय साधायचे आहे हे स्पष्ट असावे लागते. केलेले बरोबर की चूक हे तत्काळ कळावे लागते. आणि मुख्य म्हणजे कामाची कठीणता व करणाऱ्याचे कौशल्य यांचा मेळ बसावा लागतो. हातच्याची वजाबाकी ज्यास सहज येते त्यास तीच दहा वेळा दिली तर तो कंटाळतो. ज्यास दशक-एककच उमगलेले नाहीत तो तिला भितो. दोघेही खिडकीबाहेर पाहू लागतात. वर्गशिक्षकास हा अनुभव नवा नाही.

१९९६ मध्ये डोना हॉफमन व थॉमस नोव्हाक यांनी हीच कल्पना इंटरनेट चाळणाऱ्यास लावून दाखविली. त्यांचा लेख विपणनशास्त्राच्या नियतकालिकात आला, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. ग्राहकाचे मन गुंतवून ठेवण्याची विद्या व्यापाऱ्यांनी फार लवकर आत्मसात केली. पुस्तकाचे पान संपते, धडा संपतो. वाचक थांबून विचार करतो. मोबाइलच्या पडद्यावर मात्र बोट सरकवीत राहावे तो मजकूर संपतच नाही, आणि एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते. येथे पुढचे पाऊल मूल ठरवीत नाही, कौशल्यही वाढत नाही. काळाचे भान तेवढे हरपते. चिक्सेंटमिहायी व रॉबर्ट क्यूबी यांना दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांत असेच काही आढळले होते: पाहताना विसावा वाटतो, पण संच बंद केल्यावर विसावा सरतो आणि निष्क्रियता मात्र मागे राहते. रात्री पाच मिनिटांसाठी मोबाइल हाती घेणाऱ्या आपणा वडीलधाऱ्यांसही हे वेगळे सांगावयास नको.

शाळाभेटीत अनेकदा दिसते की, 'इंटरनेटवर वाघाची माहिती शोधा' एवढेच सांगून मोबाइल मुलांच्या हाती दिला जातो. थोड्याच वेळात वाघ मागे पडतो आणि गाणी सुरू होतात. दोष मुलांचा नाही. कामास हेतूच नव्हता.

त्याऐवजी गावाच्या उपग्रहचित्राचा पाठ घेऊन पाहावा. शाळेत एकच मोबाइल असला तरी चालेल. पाच-सहा मुलांच्या गटाने पडदा उघडण्यापूर्वीच प्रश्न पाटीवर लिहावा: आपल्या शाळेचे छप्पर कोणते? ते सापडले की, शाळेपासून ओढ्यापर्यंतची वाट शोधावी. मग प्रत्येकाने अंतराचा अंदाज लिहावा, नकाशावरील साधनाने ते मोजावे आणि दुसऱ्या दिवशी पावलांनी पडताळावे. ज्या गटास हे सोपे जाईल त्यास विहिरी मोजावयास सांगाव्यात. झाडांखाली दडलेली विहीर चित्रात दिसत नाही, तेव्हा खरा वाद रंगतो. ज्या गटास जड जाईल त्यास मारुतीच्या देवळापासून सुरुवात करू द्यावी. उत्तर मिळाले की, मोबाइल उलटा ठेवून वहीत रेखाटन करावे. गट मोजणीत रंगलेला असताना तास संपला, तर वेळापत्रकासाठी त्यास उठवू नये. दहा मिनिटे पुढच्या तासातून खुशाल घ्यावीत.

ज्यांनी हा पाठ घेतला असेल त्यांनी मुलांच्या अंदाजांची व मोजमापांची एक वही केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस आणावी.