न दुखणारा आजार : मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार कसा ओळखावा



गेल्या हंगामात पट्टा पडायला आठ दिवस उरले असताना ऊसतोड टोळीतल्या एका भावाला आम्ही सोलापुरात रुग्णालयात आणले. वय चाळिशीच्या आत. धाप लागत होती, तोंड सुजले होते, दोन दिवस पोटात अन्न ठरत नव्हते. रक्त तपासले तर क्रिएटिनिन ११ निघाले. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आकसलेली दिसली, म्हणजे आजार कालपरवाचा नव्हता. त्याच रात्री डायलिसिस करावे लागले. बाहेर बाकावर बसलेली त्याची पत्नी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती, "ताई, यांची कंबर तर कधी दुखली नाही. मग किडनी कशी गेली?"

हा पाठ तिच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिला आहे. वस्तीवर, गटात किंवा प्रार्थनेनंतर लोक बसतात तेव्हा तो मोठ्याने वाचावा.

१. मूत्रपिंड काय काम करते?

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या बरगड्यांच्या आड, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. त्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक भाग शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. याशिवाय रक्तदाब सांभाळणे, रक्त तयार होण्यास मदत करणे आणि हाडे बळकट ठेवणे ही कामेही मूत्रपिंडेच करतात.

गाळण्या एकेक करून बंद पडू लागल्या तरी वेदना होत नाही. उरलेल्या गाळण्या जास्त काम ओढतात आणि माणूस धडधाकट दिसतो. निम्म्याहून अधिक काम थांबले तरी पुष्कळांना काहीच जाणवत नाही. कंबरदुखी बहुतेक वेळा स्नायूंची किंवा मणक्याची असते. मुतखड्याची कळ निराळी. त्यामुळे कंबर दुखते म्हणून किडनी खराब असे नाही आणि दुखत नाही म्हणून ती चांगली असेही नाही.

२. धोका कोणाला जास्त?

मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही दोन मोठी कारणे. शुगर व बीपी हे शहरातल्या, बसून काम करणाऱ्यांचे आजार, असे आपल्या वस्त्यांवर अजून मानले जाते. ते खरे नाही. काटक, सडपातळ माणसालाही दोन्ही होतात. त्याचे माप कोणी घेतलेले नसते, एवढाच फरक.

यांशिवाय पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

• अंगदुखीच्या गोळ्या. दिवसभर कोयता चालवून, मोळ्या वाहून अंग मोडून येते. मग संध्याकाळी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेतली जाते. एखाद्या वेळी घेतल्याने धडधाकट माणसाचे सहसा बिघडत नाही. पण महिनोन्महिने, त्यातही अंगातले पाणी कमी झालेले असताना घेतली, तर ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते. वर सांगितलेल्या भावाने दोन हंगाम जवळजवळ रोज अशी गोळी घेतली होती. त्याचा रक्तदाबही कधी मोजलेला नव्हता. नेमके कशाने किती बिघडले, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

• साप चावल्याचा इतिहास. घोणसाच्या विषाने मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते. माणूस वाचतो, घरी येतो, पण काहींचे मूत्रपिंड पूर्ण सावरत नाही. अशांनी पुढे दरवर्षी तपासणी करावी.

• लघवी अडवून धरणे. फडावर आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात. त्याने लघवीचा जंतुसंसर्ग वारंवार होतो. तो वेळेवर बरा केला नाही तर मूत्रपिंडापर्यंत चढतो.

• मुतखडा, म्हातारपणी प्रोस्टेट वाढून लघवी अडणे, गरोदरपणात वाढलेला रक्तदाब, घरात कोणाला किडनीचा आजार असणे.

• जन्माच्या वेळी वजन फार कमी असणे. अशा बाळाच्या मूत्रपिंडात गाळण्याच कमी असतात. म्हणजे गरोदर मातेचे पोषण हा तिच्या लेकराच्या पुढच्या आयुष्यातल्या किडनीचाही प्रश्न आहे.

• तंबाखू, आणि ज्यात काय आहे हे माहीत नाही अशा पुड्या, भस्मे व मुळ्या.

३. ऊन, कष्ट आणि पाणी

जगात काही भागांत शुगर किंवा बीपी नसलेल्या तरुण कष्टकऱ्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली आढळली. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत हे मोठ्या प्रमाणावर दिसले, आणि तेही ऊस तोडणाऱ्या मजुरांमध्ये. कडक उन्हात सततचे कष्ट आणि अंगातले पाणी कमी होणे हे तिथले एक मुख्य कारण मानले जाते. निकाराग्वात मजुरांना पाणी, सावली आणि ठरलेल्या वेळी विश्रांती दिल्यावर मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानम हा भागही अशाच आजारासाठी ओळखला जातो. तिथले कारण अजून पूर्ण उलगडलेले नाही.

आपल्या राज्यात अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. बुलढाण्याच्या संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी, किडनीच्या रुग्णांचा प्रश्न अनेक वर्षांपासून मांडला जात आहे. तिथले लोक भूगर्भातल्या खारट पाण्याकडे बोट दाखवतात. एकाच कारणावर सगळा दोष टाकणे कठीण आहे, पण गोड्या पाण्याची मागणी रास्तच आहे.

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत. हंगामाच्या शेवटी, फेब्रुवारीनंतर, इथले ऊन भाजून काढते. म्हणून मुकादमाशी बोलताना उचल आणि दर यांबरोबर फडावर पिण्याचे पाणी, सावली आणि बायांसाठी आडोसा हेही मागून घ्यावे.

उन्हात काम करणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडले असे समजावे. मात्र ज्याला आधीच सूज आहे किंवा किडनीचा आजार आहे, त्याने पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. जास्त पाण्याने बिघडलेली किडनी सुधारत नाही, उलट धाप लागू शकते.

४. लक्षणे

सुरुवातीला बहुधा लक्षण नसते. पुढे यांपैकी काही दिसते :

• लघवीला फेस येतो आणि तो लवकर विरत नाही.
• रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठावे लागते.
• सकाळी डोळ्यांभोवती, संध्याकाळी घोट्यांवर सूज येते.
• थकवा येतो, रक्त कमी होते, चेहरा फिका पडतो.
• भूक मरते, मळमळते, तोंडाची चव जाते, अंगाला खाज सुटते.

धाप लागणे, लघवी अगदी कमी होणे, सारखी उलटी किंवा गुंगी ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी भगत किंवा दुकानातली गोळी यांत वेळ न घालवता रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

५. निदान कसे होते?

पहिली तपासणी रक्तदाबाची. तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर उपचार हवेत.

दुसरी लघवीची. निरोगी मूत्रपिंड प्रथिने बाहेर जाऊ देत नाही. लघवीत अल्ब्युमिन दिसणे ही सर्वांत लवकर मिळणारी सूचना. साध्या पट्टीवर ते दिसते. पक्के माप घेताना अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे प्रमाण काढतात. ते ३० च्या खाली असावे.

तिसरी रक्तातल्या क्रिएटिनिनची. इथे एक फसगत होते. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते. ते १.२ आले की कागदावर अनेकदा 'नॉर्मल' दिसते. पण त्यावरून काम किती चालू आहे याचा हिशेब (त्याला ईजीएफआर म्हणतात) मांडला, तर २५ वर्षांच्या पुरुषाला सुमारे ८६ येतो आणि ४५ वर्षांच्या बाईला सुमारे ५७. आकडा एकच, पण दुसऱ्या कागदावर काळजीचे कारण आहे. कुपोषित, हडकुळ्या माणसात स्नायूच कमी असल्याने हा हिशेबही खऱ्यापेक्षा चांगला दिसू शकतो. म्हणून "माझा ईजीएफआर किती?" असे डॉक्टरांना विचारावे आणि लघवीची तपासणी सोडू नये.

ईजीएफआर ६० च्या खाली, किंवा लघवीत अल्ब्युमिन, असे तीन महिन्यांहून अधिक काळ राहिले तर त्याला दीर्घकालीन विकार म्हणतात. १५ च्या खाली गेल्यास मूत्रपिंड निकामी होण्याची पायरी आली असे मानतात. ताप, जुलाब किंवा उन्हातल्या कष्टानंतर आकडे तात्पुरते बिघडतात. म्हणून तपासणी शक्यतो विश्रांतीच्या दिवशी करावी. क्रिएटिनिन वाढलेले निघाले तर मात्र तीन महिने थांबू नये. काही दिवसांतच ते पुन्हा तपासून घ्यावे.

आपली अडचण नेमकी या तीन महिन्यांत आहे. दिवाळीच्या सुमारास गाव सुटते, पट्टा पडेपर्यंत कोपीत राहायचे. पहिला कागद गावाकडे राहतो, दुसरी तपासणी होतच नाही. यावर उपाय सोपा आहे. टोळी निघण्यापूर्वी आशाताईंना सांगून उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करावी. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून शिधापत्रिका व आधारकार्डाबरोबर सोबत न्यावा आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात तोच कागद दाखवून पुढची तपासणी मागावी.

६. निदान झाले तर

निदान म्हणजे लगेच डायलिसिस नव्हे. बीपी आणि शुगर ताब्यात ठेवली, मीठ कमी केले, तंबाखू व वेदनाशामक गोळ्या थांबवल्या, तर आजार अनेक वर्षे रोखून धरता येतो. बरे वाटले म्हणून बीपीची गोळी बंद करू नये.

मूत्रपिंड निकामी झाल्यास डायलिसिस आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास करावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, आधी त्यांना भेटावे. पण उपचार मोफत मिळाला तरी जाण्यायेण्यात मजुरी बुडते. आमचा तो भाऊ आता आठवड्यातून दोनदा रुग्णालयात येतो. कोयता पत्नीच्या हातात गेला आहे आणि थोरल्या मुलीची शाळा सुटू नये यासाठी आम्ही धडपडत आहोत. दोन वर्षांपूर्वी कोणी त्याचा रक्तदाब मोजला असता आणि लघवी तपासली असती, तर हे कदाचित टळले असते.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीवर तिशीनंतरच्या किती जणांचा रक्तदाब गेल्या वर्षभरात मोजला गेला?
२. अंगदुखीची गोळी आपल्या घरात कोण, किती वेळा घेते?
३. साप चावून वाचलेले कोणी आहे का? त्यांची लघवी व रक्त नंतर तपासले का?
४. टोळी निघण्यापूर्वी तपासणीचा दिवस कोणता ठेवायचा आणि ती जबाबदारी कोण घेईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ठरल्याशिवाय बैठक मोडू नये.