केंटकीच्या कुरणांत दोन दिवस
(वरच्या इयत्तांसाठी भूगोलाचा पाठ)

पाठाचा हेतू : प्रेक्षणीय स्थळांची यादी पाठ केल्याने भूगोल येत नाही. डोळ्यांना जे दिसते त्याच्याखाली कोणती भूमी आहे व त्यामागे कोणाचे श्रम आहेत, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांस लावणे हा या पाठाचा हेतू होय. त्यासाठी घोड्यांच्या शर्यतींकरिता विख्यात असा अमेरिकेतील केंटकी राज्याचा भाग निवडला आहे. शिक्षकांनी नकाशावर ओहायो नदी आणि लुईव्हिल व लेक्सिंग्टन ही शहरे दाखवावीत. मग वर्गास शनिवार-रविवारच्या काल्पनिक सहलीस न्यावे.

पहिला दिवस : लेक्सिंग्टनजवळ कीनलँड हे १९३६ साली सुरू झालेले शर्यतीचे मैदान आहे. येथे एप्रिल व ऑक्टोबर महिन्यांत शर्यती होतात. सकाळी घोड्यांचा सराव चालतो, तो प्रवाशांना पाहता येतो. शहराभोवती उंचसखल कुरणे, फळ्यांची लांबच लांब कुंपणे आणि घोड्यांसह चरणारी शिंगरे दिसतात. या प्रदेशास ‘ब्लूग्रास’, म्हणजे निळे गवत, असे म्हणतात. वास्तविक त्या गवताची पाती हिरवीच असतात. निळसर छटा त्याच्या तुऱ्यांस येते.

घोड्यांची पैदास येथेच का वाढली, असा प्रश्न येथे विचारावा. या भूमीखाली सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला चुनखडीचा खडक आहे. त्यापासून झालेल्या मातीत चुना व स्फुरद विपुल आहेत. ही द्रव्ये गवतात उतरतात, आणि घोड्याची हाडे बळकट होण्यास ती आवश्यक असतात. ‘खडक – माती – गवत – घोडा’ ही साखळी फळ्यावर लिहावी. रस्त्याकडेला चुन्याशिवाय रचलेली जुनी दगडी कुसवे आढळतात, तीही याच खडकाची.

दुसरा दिवस : १९७८ साली उघडलेल्या ‘केंटकी हॉर्स पार्क’ या उद्यानात २१ पैकी २० शर्यती जिंकणाऱ्या ‘मॅन ओ’ वॉर’ या घोड्याचा पुतळा आहे. त्याच उद्यानात आयझॅक मर्फी या कृष्णवर्णीय स्वाराची समाधी आहे. तेथून पश्चिमेस सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लुईव्हिल लागते. तेथील चर्चिल डाउन्स मैदानावर १८७५ पासून ‘केंटकी डर्बी’ ही शर्यत होत आली आहे. मैदानालगत तिचे संग्रहालय आहे.

येथे साखळीची शेवटची कडी जोडावी, ती माणसाची. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी नष्ट होईपर्यंत येथील तबेल्यांतील पुष्कळ कामे गुलामांच्याच शिरी होती. अश्वविद्या त्यांच्या हाती आली ती अशी. पहिल्या डर्बीतील १५ स्वारांपैकी १३ कृष्णवर्णीय होते, आणि ऑलिव्हर लुईस हा त्यांच्यापैकीच एक विजयी झाला. मर्फीने १८८४, १८९० व १८९१ साली, तर जिमी विंकफील्डने १९०१ व १९०२ साली ही शर्यत जिंकली. पुढे गोऱ्या स्वारांची दांडगाई व मालकांची पाठ यांमुळे कृष्णवर्णीय स्वार मैदानातून हुसकले गेले. विंकफील्डनंतर त्यांच्यापैकी कोणासही हा मान मिळालेला नाही. १८९६ साली निधन पावलेल्या मर्फीची कबरही दीर्घकाळ विस्मृतीत गेली होती. ती शोधून १९६७ साली त्याचे अवशेष सन्मानाने मॅन ओ’ वॉरजवळ ठेवण्यात आले.

शिक्षकांस सूचना : शर्यतीवरील पैजा हा या पाठाचा विषय नव्हे. विद्यार्थ्यांचे लक्ष भूमी आणि श्रम या दोन गोष्टींवर ठेवावे.

स्वाध्याय : (१) आपल्या गावच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे की जांभा? त्यामुळे कोणते पीक चांगले येते? (२) गावातील बारव, गढी वा देऊळ पाहून यावे. ते बांधविणाऱ्याचे नाव कोठे कोरले आहे काय? दगड घडविणाऱ्यांची नावे कोणास ठाऊक आहेत काय? वडीलधाऱ्यांस विचारून मिळेल ती माहिती वहीत लिहावी. न मिळाल्यास तेवढी जागा कोरी ठेवावी.