ट्यूबवेल खोदताय? मूठभर तांदळाचा खर्च करा

तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात, म्हणजे जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावतीच्या सपाट भागात, ट्यूबवेल खोदायची तर फुटाच्या दराची घासाघीस सगळेच करतात. पाण्याचा थर नेमका किती फुटांवर लागला, हे मात्र फार थोडे शेतकरी विचारतात. माझ्या मते बिलातली सर्वात महागडी चूक इथेच होते.

काळ्या पाषाणातली बोअर हवेच्या दाबाने होते. तिथे ३०० फुटांवरचा चुरा काही सेकंदांत वर येतो, त्यामुळे खोलीचा घोळ फारसा होत नाही. गाळाच्या जमिनीत रोटरी मशीन बेंटोनाइटचं पातळ चिखलपाणी आत सोडतं आणि बिटाने कापलेली वाळू-माती त्याच पाण्याबरोबर सावकाश वर येते. साडेआठ इंची भोक आणि साडेतीन इंची रॉड धरा. ३०० फुटांपर्यंत या दोन्हींमधल्या जागेत सुमारे २,८०० लिटर पाणी मावतं. पंप मिनिटाला ५०० लिटर फेकत असेल, तर तळाची वाळू वर दिसायला साडेपाच मिनिटं लागतात. तेवढ्यात मशीन मिनिटाला एक फूट या वेगाने पाच-सहा फूट पुढे गेलेलं असतं. चाळणीवर वाळू दिसली तेव्हा रॉडवर ३०० फूट मोजले, तरी वाळूचा थर खरा २९४-२९५ फुटांवरच सुरू झालेला असतो.

समजा, थर १५ फुटांचा आहे आणि तुम्ही त्याच्यासाठी १५ फूट जाळीचा पाईप घेतलात. तो सहा फूट खाली बसला, तर थराचा ४० टक्के भाग कोऱ्या पाईपाआड जातो आणि जाळीचे सहा फूट चिकणमातीसमोर उभे राहतात. जाळीचा पाईप कोऱ्यापेक्षा महाग, म्हणजे पैसेही गेले आणि पाणीही. खारपाणपट्ट्यात तर याहून वाईट होऊ शकतं. जाळी खाऱ्या थराला भिडली, तर चांगलं पाणीही बिघडतं. भोवती गिट्टी भरून झाल्यावर पाईप पुन्हा उपसणं जवळपास अशक्यच.

तळाची वाळू वर यायला लागणारा वेळ मोजण्याची युक्ती तेलविहिरींवर जुनी आहे. तिथे रॉड जोडताना आत कागदात गुंडाळलेलं कार्बाइड टाकतात. पाणी लागताच त्याचा ॲसिटिलीन वायू होतो, आणि तो वर कधी आला हे यंत्र टिपतं. तांदूळही वापरतात. तुमच्या विहिरीचं पाणी माणसं-जनावरं पिणार, म्हणून कार्बाइड, रंग, डिझेल यांतलं काहीही आत जाऊ देऊ नका. तांदूळ पुरे. रॉड बदलताना ऑपरेटरला सांगून मूठभर तांदूळ आत टाका, पंप सुरू होताच मोबाईलवर वेळ लावा आणि चाळणीवर पहिले दाणे दिसेपर्यंत थांबा. वरच्या हिशेबातल्या विहिरीत सहा मिनिटांच्या आसपास लागतील. त्यातून दाणे रॉडमधून खाली जायचा अर्धा-पाऊण मिनिट वजा करा. दर शंभर फुटांवर हे पुन्हा करा, कारण भोकाच्या कडा ढासळून जागा वाढते आणि कागदावरचा हिशेब चुकतो. जाड वाळू पाण्यापेक्षा थोडी मागे राहते, हेही ध्यानात ठेवा. महत्त्वाचा थर वाटला, तर खोदाई थांबवून सहा-सात मिनिटं नुसतं पाणी फिरवायला सांगा. वर येणारा चुरा थांबला की खोली पक्की.

याचा खर्च किती? तांदूळ दहा रुपयांचे. दर पाच फुटांना एक नमुना धरला, तर ३०० फुटांना साठ पिशव्या, एक मार्कर आणि नमुने भरायला एका माणसाची दिवसाची मजुरी. पाणी फिरवताना मशीन थांबतं, त्याचे पैसे ऑपरेटर मागेल. दहा वेळा सहा मिनिटं थांबला, तर तासाभराचं डिझेल, एवढंच. ऐपत असेल तर पाईप उतरवण्याआधी विहिरीचं इलेक्ट्रिक लॉगिंग करून घ्या. त्याचा दर जिल्ह्यागणिक बदलतो, म्हणून दोन ठिकाणी विचारा. नमुने घेऊन जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात भूवैज्ञानिकांचा सल्लाही घेता येतो. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटर, म्हणजे जवळपास २०० फुटांपलीकडच्या विहिरींवर निर्बंध आहेत. त्यामुळे सौद्याआधीच तिथे विचारणा करा.

कोटेशनमध्ये फुटाचा दर, कोरा पाईप, जाळी, गिट्टी, बेंटोनाइट आणि कॉम्प्रेसरने विहीर धुण्याचे तास वेगवेगळे लिहून घ्या. त्याखाली आणखी एक ओळ घाला: ‘दर पाच फुटांना नमुना, आणि नमुने पाहिल्याशिवाय जाळी उतरवायची नाही.’ ही ओळ मान्य नसलेल्या ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.