आधी जोड्या जुळव, मग पैसे मोज

तुझी यादी वाचली गं. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, डीडीआर४ ची १६ जीबीची एकच रॅम, तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड आणि उरल्या पैशांत बसतो म्हणून शेवटी ४५० वॉटचा कसलातरी एसएमपीएस. प्रत्येक वस्तूपुढे व्हिडिओत ऐकलेलं कौतुकही लिहून ठेवलंयस. मेहनत दिसते. पण हे सामान असंच मागवलंस तर संगणक सुरूच होणार नाही, कारण यादीतल्या पहिल्या दोन वस्तू एकमेकींत बसतच नाहीत. घाबरू नकोस. अजून एक रुपया गेलेला नाही.

बघ, ‘सगळ्यात चांगला प्रोसेसर कुठला, सगळ्यात चांगलं कार्ड कुठलं’ असं शोधत बसलं की डोकं भंजाळतं. तू जोड्या बघ. पहिली जोडी प्रोसेसर आणि मदरबोर्डाची. ७६०० हा एएम५ सॉकेटचा. त्याच्या पोटाला सपाट सोनेरी ठिपके असतात आणि पिना मदरबोर्डावर. बी४५० हा एएम४ चा, म्हणजे पिना प्रोसेसरला आणि भोकं बोर्डावर. किती दाबलंस तरी बसणार नाही, आणि दाबायचं तर मुळीच नाही. एएम५ ला रॅमही फक्त डीडीआर५ चालते. डीडीआर४ च्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती त्या खोबणीत जातच नाही.

मग तुझ्यापुढे दोन वाटा. एक, रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड आणि डीडीआर४. ही जुनी पण भरवशाची वाट. दुसरी, तुझा ७६००, ए६२० किंवा बी६५० बोर्ड आणि डीडीआर५. ही महाग, पण चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल, कारण एएम५ ला २०२७ आणि त्याच्याही पुढे साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. इंटेलकडे जायचं तर आय३ १२१००एफ किंवा आय५ १२४००एफ बघ. त्यांना एलजीए १७०० सॉकेटचा बोर्ड लागतो, आणि तिथे रॅम कुठली हे बोर्ड ठरवतो. काही बोर्ड डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. नावाच्या शेवटी ‘एफ’ असला की त्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसतं. कार्ड नंतर घेऊ म्हणशील तर पडदा काळाच राहील.

खरं सांगू का, यातली कुठली वाट घ्यायची ते भाव बघूनच ठरव. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून केलेली सगळी गणितं आता बाद. एकाच दिवशी, एकाच दुकानात प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिघांची मिळून बेरीज दोन्ही वाटांनी काढ. तुझ्या पैशांत मी आज ५६०० च घेईन. वाचलेले पैसे कार्डाला आणि एसएमपीएसला लाव.

बोर्ड घेताना एक गोष्ट विचार: यात ५६०० चालेल असं बायोस, म्हणजे बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर, आहे का? बी४५० बोर्ड २०१८ चा, बी५५० सुद्धा २०२० च्या जूनमधला, आणि ५६०० बाजारात आला २०२२ मध्ये. दुकानात जुना माल पडलेला असला तर बोर्ड प्रोसेसरला ओळखत नाही. खोक्यावर ‘रायझन ५००० रेडी’ असं लेबल बघ, किंवा बायोस फ्लॅशबॅकची सोय असलेला बोर्ड घे. त्यात प्रोसेसर न ओळखताही पेनड्राइव्हवरून बायोस नवं करता येतं. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक बोर्डाची चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते. दुकानदाराच्या शब्दापेक्षा ती यादी मान.

रॅम एक १६ ची घेऊ नकोस गं, ८ च्या दोन घे. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते आणि खेळ कमी अडखळतो. चार खोबणी असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरीत आणि चौथीत बसव. सुरू झाल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी चालू कर. नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते आणि कोणी सांगतही नाही.

आता कार्ड. आधी मला सांग, खेळणार काय? व्हॅलोरंट आणि जीटीए ५ असेल तर हजार-दोन हजारांसाठी जीव टाकू नकोस, मधल्या कार्डावर ते छान चालतात. सायबरपंक खेळायचा असेल तर गोष्ट वेगळी. तुझ्या पैशांत आरएक्स ६६०० मिळालं तर बिनधास्त घे. ८ जीबी मेमरी, १३२ वॉट वीज, एक आठ पिनी जोड, बस. आरटीएक्स ३०५० च्या नावाने दोन कार्डं मिळतात, एक ८ जीबीचं आणि एक ६ जीबीचं, आणि दुसऱ्यात नुसती मेमरीच कमी नाही, आतली ताकदही कमी आहे. पण ते ७० वॉटवर चालतं, वेगळी वायर लागत नाही, म्हणून घरात जुना साधा एसएमपीएस असलेल्याला ते उपयोगी. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र सोडून दे. ते बोर्डाशी चारच वाटांनी बोलतं, त्यामुळे पीसीआयई ३ च्या, म्हणजे कार्डासाठी जुनी, हळू जोडणी असलेल्या बोर्डावर ते लंगडतं. हेच ५६००जी प्रोसेसरबद्दलही लक्षात ठेव. तो कार्डाशिवाय खेळ चालवतो हे खरं, पण स्वतः पीसीआयई ३ वरच आहे.

‘आय५, गेमिंग पीसी, अर्ध्या किमतीत’ अशा जाहिराती तुलाही आल्या असतील. आत बहुतेक वेळा २०१२ च्या सुमाराचा तिसऱ्या पिढीचा आय५, एच६१ बोर्ड आणि जीटी ७३० असतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते इतक्या जुन्या बोर्डात नसतं. व्हॅलोरंटही विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतं. म्हणजे ज्या खेळासाठी खोकं आणलंस तोच उघडणार नाही. दिवे लुकलुकतात तेवढेच. सेकंडहँड कार्ड वाईटच असतं असं मी म्हणत नाही, पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डं बाजारात आली. समोर बसून अर्धा तास खेळ चालवून दाखवा म्हण. विकणारा नाही म्हणाला तर उठ.

आता जे सांगते ते नीट ऐक, कारण पुण्या-मुंबईचे व्हिडिओवाले हे सांगत नाहीत. आपल्याकडे वीज हाही संगणकाचाच एक भाग आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा किती घरं काळोखात होती ते तुला आठवत असेलच. वादळ जाऊ दे, वैशाखातला वळीव आणि परतीच्या पावसातल्या विजा दरवर्षीच्या. संध्याकाळी वाडीतले सगळे पंप आणि फ्रिज चालू झाले की बल्ब मंद होतो. ही वीज जाते कुठून? एसएमपीएसमधून. म्हणून तोच भाग उरल्यासुरल्या पैशांत घ्यायचा नाही.

वॉटचं गणित सोपं आहे. ५६०० जास्तीत जास्त ७६ वॉटच्या आसपास ओढतो, ६६०० कार्ड १३२, बाकी सगळं मिळून पन्नासेक. तीनशेच्या आतच. मग चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा पुरे, ७५० कशाला? ‘८० प्लस ब्रॉन्झ’ म्हणजे अर्ध्या भारावर ८५ टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते, एवढंच. तो शिक्का जपणुकीची हमी देत नाही. खोक्यावर ओव्हर व्होल्टेज, ओव्हर करंट आणि शॉर्ट सर्किटचं संरक्षण लिहिलंय का ते वाच. आणि बाजूच्या पट्टीवर इनपुट बघ: २०० ते २४० लिहिलंय की १०० ते २४०? आपल्या वाडीत १०० ते २४० चाच घ्यायचा. व्होल्टेज उतरलं तरी तो तग धरतो. कार्डासाठी सहा अधिक दोन पिनांची वायर एसएमपीएसमधूनच निघत असली पाहिजे. जुगाडाच्या जोडवायरी वापरल्या की त्या तापतात. प्रोसेसरची चार अधिक चार पिनी वायर वेगळी असते, ती कार्डाला कोंबू नकोस.

यूपीएस घेणार असशील तर ६०० व्हीएचा साधारण ३६० वॉटच देतो. खेळ भरात असताना मॉनिटरसकट तो काठावर येतो, म्हणून १००० व्हीए घे. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का विचार आणि यूपीएस मोडवर ठेव. स्क्वेअर वेव्हवर चांगले एसएमपीएससुद्धा कधीकधी बंद पडतात. आणि अर्थिंग! तुमच्या जुन्या जांभ्याच्या घरात तीन भोकांचा सॉकेट आहे म्हणजे तिसऱ्या भोकाला वायर जोडलेली असेलच असं नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर समज, अर्थिंग नाही. वायरमनकडून फेज आणि अर्थ मधलं व्होल्टेज मोजून घे, ते २३० च्या आसपास यायला हवं, आणि न्यूट्रल-अर्थ मधलं जवळपास शून्य. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं, जांभी जमीन सुकली की अर्थिंग निकामी होतं. आकाशात गडगडायला लागलं की खेळ कितीही रंगात असो, पिन काढ. बाहेरून येणारी केबलची तांब्याची वायरही काढ, वीज तिकडूनही शिरते.

कॅबिनेट काचेचं आणि दिव्यांचं बघून भुलू नकोस. समोर जाळी आणि जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर असलेलं घे. बोर्ड मायक्रो एटीएक्स असेल तर तो २४.४ सेंटिमीटरचा, तो बसतोच. खरी मारामारी कार्डाच्या लांबीची. तीन पंख्यांचं कार्ड तीस सेंटिमीटरच्याही पुढे जाऊ शकतं. इस्वण टोपात मावली नाही तर तुकड्या करता येतात, कार्डाच्या नाही करता येत. कॅबिनेटच्या माहितीत ‘कार्डाची कमाल लांबी’ लिहिलेली असते, ती आणि कार्डाची लांबी शेजारी शेजारी लिहून बघ. दोन पंख्यांचं कार्ड घेतलंस तर हा प्रश्नच उरत नाही. खाऱ्या वाऱ्याच्या खिडकीसमोर मात्र कॅबिनेट ठेवायचं नाही. पडवीत तर नाहीच, माजघरात भिंतीपासून वीतभर लांब ठेव. पावसाळ्यात चार-चार दिवस बंद ठेवू नकोस, रोज थोडा वेळ चालव, म्हणजे आतला ओलावा सुकतो.

सामान आणायचं कुठून? मुंबईला कोणी जाणार असेल तर लॅमिंग्टन रोड. कुडाळहून तुतारी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, तो दिवस टाळायचा. तीन-चार दुकानांत तीच यादी दाखव, भाव आपोआप खाली येतो. जीएसटीचं बिल घे आणि त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर लिहून घे. इथून वॉरंटीला पाठवायचं म्हणजे कुरियर आणि वाट बघणं, बिल नसेल तर तेही नाही. ‘ट्रे’ प्रोसेसर खोक्याशिवाय स्वस्त मिळतो, पण त्याबरोबर पंखा नसतो. ५६०० च्या सीलबंद खोक्यात पंखा येतो. मामा शिपवरून येताना दुबईचं कार्ड आणतो म्हणाला तर हो म्हणायच्या आधी त्या कंपनीला विचार, भारतात वॉरंटी देणार का. ऑनलाइन मागवलंस तर पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढ, सीलपासून वस्तूपर्यंत.

दुकानातच जोडून घेतलंस तर गाडीत चढायच्या आधी ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवायला सांग. रस्त्याच्या धक्क्यांनी जड कार्ड बोर्डाची खोबण मोडतं. पण माझं ऐकशील तर घरी आणून तूच जोड. मशीनवर ब्लाउज शिवतेस, होमस्टेच्या टाकीचा पंप स्वतः दुरुस्त केलास, मग चार स्क्रूंनी का बिचकायचं? बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेव. सॉकेटची दांडी उचल, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणासमोर आण आणि नुसता सोड. तो आपल्या वजनाने खाली बसतो. बसला नाही तर फिरवून बघ, बोटाने दाबू नकोस. मग दांडी खाली. रॅम मात्र दोन्ही टोकांना ‘टक्’ होईपर्यंत दाबावीच लागते, तिथे भित्रेपणा नको. सगळं झाल्यावर मॉनिटरची वायर बोर्डाला न लावता कार्डाला लाव. संगणक चालत नाही म्हणून येणाऱ्या निम्म्या फोनांचं कारण हेच असतं. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलास तर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवड, तो आपणहून ६० वरच बसून राहतो.

एवढं सगळं एका दिवसात करू नकोस. पहिल्या दिवशी बोर्ड, रॅम, प्रोसेसर. दुसऱ्या दिवशी बाकीचं. पण वायरमनला मात्र आजच फोन कर गं. गणपती जवळ आले की लायटिंगच्या कामांमुळे तो कोणाच्या हाताला लागत नाही.