भाड्याची खोली आणि ‘हेवी डिपॉझिट’

मुलाबाळांच्या भविष्यासाठी एखादी खोली घेऊन ती भाड्याने देणे ही हलाल मिळकत आहे. अशा खोलीच्या किमतीवर जकात नाही. साठलेले भाडे निसाबइतके असेल आणि वर्ष उलटले, तर त्यावर २.५ टक्के द्यावी लागते.

परंतु मुंबई-मुंब्र्यात रूढ झालेल्या ‘हेवी डिपॉझिट’चा विचार करा. भाडेकरूकडून समजा ५ लाख घ्यायचे, भाडे माफ करायचे आणि मुदत संपताच पूर्ण रक्कम परत करायची. नाव अनामतीचे, पण मालक ती रक्कम वापरतो. म्हणून शरीयतच्या दृष्टीने ते कर्ज ठरते आणि त्या कर्जापोटी मिळालेला फुकट निवास म्हणजे व्याज. ‘दोघेही राजी आहेत’ ही सबब चालत नाही. व्याजाचा व्यवहारही बहुधा राजीखुशीनेच होतो! भाडे बाजारभावाने ठरवा. अनामत दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकीच घ्या, आणि ती खर्च करण्यापूर्वी भाडेकरूची परवानगी घ्या.